गॅसचं घराणं

तपासणी केंद्रात माझ्या शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. तिशीतल्या भावाच्या मांडीवर फॉर्म होता.

"ताई, 'घरात कुणाला हृदयविकार?' नाही, असं लिहितो."

"नाही कसं? बाबा पंचेचाळिसाव्या वर्षी कशाने गेले?"

"गॅसने. छातीत अडकला होता. आईच सांगते."

"आणि काका?"

"त्यांनाही गॅसच. ऑफिसात, खुर्चीतच."

"आजोबा?"

"ते तर जेवून उठताना गेले. म्हणजे गॅसच ना!"

"अरे शहाण्या, आपलं घराणं आहे की सिलिंडरचं गोदाम? लिही, तिघांनाही हृदयविकार."

"पण मी रोज पळतो गं. मला काहीसुद्धा होत नाही."

"काकाही पळायचे. कोलेस्टेरॉल तपासायला नुसतं रक्त द्यायचंय. वेळेवर कळलं तर गोळीवर भागतं."

"बरं बाई, लिहिलं. तुझा फॉर्म कुठाय?"

"माझा कशाला?"

"बाबा तुझेही होते ना?"

"मला कुठे काय झालंय? जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, तेवढंच. ती आपली दगदग."

"दगदग?"

"हो. सगळ्याच बायकांना होते."

भाऊ उठलाच.

"सिस्टर, अजून एक फॉर्म द्या. आणि आधी हिला आत घ्या!"