विद्युतवीराचं सुतक

रेवणप्पा : कोण गेलं म्हणता, दानम्माक्का?

दानम्मा : विद्युतवीर.

रेवणप्पा : अरारा. तुमच्या माहेरचे, दुधनीकडले काय?

दानम्मा : न्हाय. पुस्तकातला. पंधरा दिवसाला चित्रांचं पुस्तक येतंय बघा, त्यातला. विजेच्या तारेला हात लावला की अंगात बळ येतंय त्याच्या. मागच्या अंकात धरणाच्या भिंतीवरनं खाली पडला.

रेवणप्पा : अन् त्याच्यापायी आमच्या पोराचा साखरपुडा मोडायचा?

दानम्मा : मोडायचा कोण म्हणालं? पुढं ढकलायचा. घरात सुतक हाय. दाक्षायणी माझ्या बहिणीची लेक. सुतकात तिचं शुभकार्य केलं तर माणसं मलाच नावं ठेवतील.

रेवणप्पा : अक्का, मी मोडनिंबवरनं पहिल्या यष्टीनं आलोय. गुरुवार ठरलाय, स्वामींना सांगून झालंय, पावण्यांना निरोप गेल्यात. अन् आपल्या लिंगायतात सुतक असतंय कुटं? तुमचे मालक गेले तवा चार दिसांत तुमी ही खाणावळ उघडली. मी सोता हितं भाकरी खाल्ली.

दानम्मा : आपल्यात नसतंय. त्याच्यात असंल की.

रेवणप्पा : त्याच्यात म्हंजी कुनात?

दानम्मा : ते अजून छापलं न्हाय.

रेवणप्पा : आता काय बोलावं! अहो महिपती, नुसतं जेवताय काय? पुस्तकं भाड्यानं देण्याचं दुकान तुमचंच न्हवं? तुमी तरी सांगा यांना, कागदावरचा माणूस मरत नसतोय.

महिपती : पाहुणे, तसं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तो अंक आला त्या दिवशी नवी पेठेत भीषण शांतता पसरली होती. माझ्या दुकानापुरतं सांगतोय. दोन कापडवाले आणि कोर्टातले एक कारकून, अंक परत करताना कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दानम्मा : ऐका.

रेवणप्पा : काय ऐका? विजेवर चालतो म्हणता, मग सोलापुरात दुपारची वीज जाती तवा काय करतो तो?

दानम्मा : तो सोलापुरात राहत न्हाय. राहिला असता तर मागंच गेला असता.

रेवणप्पा : अक्का, तुमी शिकल्यासवरल्या बाई...

दानम्मा : तुमीच गुरुवार धरून बसला. रविवार चांगला होता. तर तुमी म्हणाला, रविवारी पुण्याला जायचं असतंय.

रेवणप्पा : काम असतंय.

महिपती : टीव्ही असतो. तुमच्या मेहुण्यांच्या घरी. तुमचे चिरंजीवच सांगत होते.

रेवणप्पा : टीव्ही न्हवं, नाटक असतंय ते! तुकड्या तुकड्यानं दाखवतात. थोरली सून घागर घिऊन विहिरीवर गेली, आत वाकून बघितलं, अन् बातम्या लागल्या. आता माणसानं मोडनिंबला अडत दुकानात बसून दिवस कसे काढायचे?

दानम्मा : जीव देती काय?

रेवणप्पा : मला वाटत न्हाय. घागर चांगल्या पितळंची हाय.

दानम्मा : मग पाणीच भरंल.

रेवणप्पा : तेच म्हणतो मी. पर मी काय तिच्यापायी घरात सुतक धरलं न्हाय.

दानम्मा : तुमची अजून नुसती वाकलीया. आमचा पडला.

महिपती : मावशी, एक खुलासा करू का? नवा अंक आज सकाळच्या गाडीनं आलाय. ह्या पिशवीतच आहे.

रेवणप्पा : मग गप का बसला, राव! जगला का मेला?

महिपती : ते मी सांगू शकत नाही. पुढचं सांगायचं नाही, हा दुकानाचा नियम आहे. एका गिऱ्हाइकाला मी एकदा खुनी कोण ते सांगून बसलो. तो माणूस आजतागायत माझ्या दुकानावरून जात नाही, रस्त्याच्या पलीकडून जातो.

रेवणप्पा : नुसती मान हलवा.

महिपती : मान हलवली की सांगितल्यासारखंच झालं.

रेवणप्पा : मग वाचा! आत्ता, हितंच, मोठ्यानं. जगला असला तर सुतक फिटलं. मेला असला तर अक्का, मी सोता तुमाला भेटायला येतो, रीतसर, चार माणसं घिऊन.

महिपती : हे नियमात बसतं. ऐका. "धरणाच्या पायथ्याशी, काळ्याकुट्ट अंधारात..."

दानम्मा : मिटव.

महिपती : मावशी?

दानम्मा : मिटव म्हणते ना. दाक्षायणी नळावर गेलीया. ती येऊ दे.

रेवणप्पा : हे वाचतायत की. न्हायतर तुमी वाचा.

दानम्मा : अय्यो, मी कुठलं वाचू? दुधनीला कानडी चौथी झाले मी. ह्यातलं एक अक्षर कळत न्हाय मला. बहीण गेली तवापास्नं पोरगी माझ्याकडं हाय, ती वाचून दावती. दुपारची गिरणीची माणसं जेवून गेली की चुलीम्होरं बसतो आमी दोघी.

महिपती : एवढंच ना? मी वाचेन की. दर अंकाला येईन. वाटल्यास स्फोटाचे आवाजसुद्धा काढीन.

दानम्मा : तू मारामारी वाचतोस, महिपती. ती सगळं वाचती. एखाद्या चित्रात तो नुसता बसलेला असतोय. कुणी बोलत नसतंय, काय छापलेलं नसतंय. मला दिसतंय की चित्र. तरी ती सांगती, "मावशी, आता तो एकटाच बसलाय हं." आणि जरा थांबती.

(बाहेर नळावर हंडे-कळशांचा आवाज.)

रेवणप्पा : महिपती, हे पुस्तक कुठल्या वारी येतं?

महिपती : एक शुक्रवार सोडून एक. सकाळच्या गाडीनं.

रेवणप्पा : मग लगीन झालं की त्या शनिवारी पहिल्या यष्टीनं धाडत जाईन पोरीला. मुक्कामाला. आमच्या घरातली बोलतील, सुनेचं माहेर सुटत न्हाय म्हणून. बोलू देत.

दानम्मा : पावसाळ्यात यष्टीचा काय भरवसा नसतोय.

रेवणप्पा : तवा मी घिऊन येईन.

दानम्मा : गुरुवारी माणसं किती येणार तुमची? दळण आजच टाकावं लागंल.