मुरमाचं घमेलं आणि जर्मनीचा टॅक्स

टॅक्सचं नाव काढू नका माझ्यासमोर. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, अन् तिच्या आदल्या दिवशी रस्त्यावरचे खड्डे मुरूम टाकून आमीच बुजवतो. यंदा माझा साळा जर्मनीहून आला होता. त्याच्याही हाती घमेलं देल्लं.

तो म्हणे, "भाऊजी, तिकडं निम्मा पगार टॅक्समंदीच जाते."

मी म्हटलं, "लुटूनच राहिले तुले. मास्तरकीत माझाही कटते, पण एवढा नाही."

त्यानं खड्ड्यात घमेलं उलटं केलं अन् विचारलं, "पण तिकडं मले घमेलं नाही उचलावं लागत. तुमचा टॅक्स जाते कुठं?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "मले कायले विचारतं? मुकाट्यानं भर. उद्या मंडईच्या उद्घाटनाले मंत्रीसाहेब येऊन राहिले, त्यांच्या गाडीले धक्का नाही बसला पाहिजे."