स्वयंपाकघरातली ट्यूब

मुलुंडच्या दूध केंद्रावर बाटल्यांची गाडी अजून यायची होती. रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"वनमाला, बोटांना काय झालं गं?"

"भाजलं. स्वयंपाकघरातली ट्यूब ह्यांनी माशांच्या टाकीवर लावलीय."

"वेड लागलंय का त्यांना?"

"समोर बिल्डिंग झाली ना, खिडकीतलं ऊन गेलं. पाणी गाळायच्या जाळीवरचं शेवाळ पिवळं पडलं."

"बरं झालं की, घाण गेली!"

"अगं, ते शेवाळच माशांची घाण खातं, म्हणून पाणी साफ राहतं. उजेड नाही तर शेवाळ नाही. दोन मासे मेले, त्या दिवशी हे जेवले नाहीत. गिरणी बंद झाली तेव्हासुद्धा जेवले होते."

"आणि आता?"

"आता जाळी हिरवीगार. पाणी एकदम झकास."

"आणि तू अंधारात भाकऱ्या भाजतेस!"

"अंधारात कुठे? मला भाजल्यापासून रोज संध्याकाळी हे बॅटरी धरून उभे राहतात, शेवटची भाकरी होईपर्यंत. गिरणीतल्या गोष्टी सांगतात."

"तरी पण नवीन ट्यूब आण ना."

"परवाच आणलीय. कपाटामागे ठेवलीय. ह्यांना सांगू नकोस."