दीनानाथरावांची बाजू

श्यामला : अहो दीनानाथराव, आजच्यापुरती बाजू बदलू या. तुम्ही कौतुक करा, मी झोडते.

दीनानाथ : म्हणजे श्रोते म्हणायला मोकळे, मुलीचा सिनेमा आला आणि म्हाताऱ्याची जीभ गोड झाली.

श्यामला : उल्का तुमची मुलगी आहे हे श्रोत्यांना कुठे ठाऊक आहे? ती सासरचं आडनाव लावते.

दीनानाथ : आपण पुण्यात राहतो, श्यामलाबाई. इथे कोण कोणाची मुलगी हे आधी कळतं, सिनेमाचं नाव नंतर.

वासंती : सर, मॅडम, हे गाणं, मग जाहिराती, मग तुमचं भांडण. माईक बंद आहेत, रेडिओवर काही जात नाहीये, बिनधास्त बोला. मला तेवढं काचेपलीकडे ऐकू येतंय, सॉरी.

श्यामला : मग आज तुम्ही बसूच नका. मी एकटी बोलते.

दीनानाथ : तिनेच बजावलंय. म्हणाली, टाळलंत तर लोक म्हणतील, बापालाही बोलावंसं वाटलं नाही.

वासंती : मॅडम, विश्रांतवाडीच्या थिएटरमधून फोन होता. सिनेमा उद्यापासून काढतायत. आज दुपारचा शो शेवटचा, तोही तिकिटं गेली तर.

श्यामला : एकच तर थिएटर मिळालं होतं!

दीनानाथ : काल आम्ही पाच जण होतो. त्यातले दोघे गारव्याला आले होते. मध्यंतरानंतर घोरत होते.

श्यामला : मग आज चांगलं बोला की! चार माणसं जातील.

दीनानाथ : तुम्हाला कसा वाटला?

श्यामला : छान आहे.

दीनानाथ : मागच्या शुक्रवारी तुम्हाला भुताचा सिनेमासुद्धा हृद्य वाटला होता.

श्यामला : टोमणा कळला. मी छान म्हटल्याला किंमत नाही, माहितेय मला. पण तुम्ही एकदा म्हणालात तर लोक कान टवकारतील. निदान तिला तरी सांगितलंत का?

दीनानाथ : सिनेमा संपल्यावर ती जिन्यात उभी होती. एवढंच विचारलं, "बाबा, आवडला?"

श्यामला : मग?

दीनानाथ : मी म्हटलं, उत्तरार्धात गती हरवते. नायिकेच्या खोलीतली खिडकी एकदा उजवीकडे दिसते, एकदा डावीकडे. ती म्हणाली, बरं, पण आवडला का? मी म्हटलं, पार्श्वसंगीत फार आहे.

श्यामला : अहो, काय माणूस आहात!

दीनानाथ : मुद्दाम नाही हो. हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा स्टेशनच्या साहेबांनी मला विरोधी बाजू दिली. लोकांना भांडण आवडलं, बाजू कायमची झाली. आता थिएटरमध्ये अंधार झाला की मी चुका वेचायला लागतो. तिने नोकरी सोडली, इतकी वर्षं दुसरं काही केलं नाही. आणि मी काल तिथे बसून खिडकी कुठे आहे ते बघत होतो.

श्यामला : पण मनातून काय वाटलं?

दीनानाथ : तेच सापडत नाही. रात्रभर शोधलं. आवडला असता तर तसं सांगितलं असतं. आवडला नसता तरी खरं सांगितलं असतं. मला काहीच वाटलेलं नाही, श्यामलाबाई.

श्यामला : दुपारी पुन्हा बघा. मी येते बरोबर.

दीनानाथ : पुन्हा चुकाच दिसतील. आता तर पाठ झाल्यात.

वासंती : शेवटची जाहिरात, सर. आणि... उल्काताई खाली गाडीत बसून ऐकतायत. वर या म्हटलं, तर नको म्हणाल्या. माईक सुरू करतेय.

श्यामला : नमस्कार पुणेकर! आज आमच्यासमोर आहे एक नवा मराठी सिनेमा, उल्का यांनी दिग्दर्शित केलेला. दीनानाथराव, आज भांडण नंतर. हातातला टिपणांचा कागद बाजूला ठेवा आणि मला एकच सांगा. सिनेमा तुम्हाला आवडला का?

(दीनानाथ कागद उलटा ठेवतात.)

वासंती : सर, मी फक्त तुमच्या हेडफोनमध्ये बोलतेय. बाहेर काहीच ऐकू जात नाहीये. सर, बोला ना काहीतरी.

दीनानाथ : मध्यंतर चुकीच्या जागी आलंय.