लॉगिन न जमलेल्यांना गुरुजींचा फोन

"साइट चालू हाय ना, मग अपडेट कावून करायचं?" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा कुणी बोलू नका. माझं डोकं फिरतं.

बीडमध्ये आमचे एक निवृत्त गुरुजी लग्न जुळवायची वेबसाइट चालवतात, तीही फुकट. साइटला जोडलेल्या लॉगिनच्या प्लगइनचं, म्हणजे त्या छोट्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलंय, असं मी त्यांना सांगून थकलो होतो. दर वेळी हेच उत्तर. त्या प्लगइनमध्ये लॉगिन न जमलेल्यांची नावं दिसायची. गुरुजी रोज सकाळी ती उघडायचे आणि एकेकाला फोन लावायचे, "पासवर्ड विसरलात का? थांबा, मी करून देतो."

कुणीतरी लॉगिन करताना नावाच्या जागी प्रोग्रॅमचा कोड टाकला. जुन्या प्लगइननं तो न तपासता तसाच ठेवून घेतला. सकाळी गुरुजींनी नेहमीसारखी नावं उघडली आणि तो कोड साइटचे मालक म्हणून गुरुजींच्याच अधिकारानं चालला. सगळ्या पोरींचे फोटो न् नंबर बाहेर गेले, भलत्याच लोकांच्या मोबाइलवर फिरायला लागले.

मग मला बोलावलं. मी अपडेट करत होतो, तेवढ्यात नेकनूरहून एका पोरीचे वडील आले. दारातच उभे राहिले.

गुरुजीच घाईघाईनं म्हणाले, "आता साइट नीट केलीय ह्यानं. तेवढा पोरीचा नंबर बदलून घ्या."

"नंबर बदललाय, गुरुजी," ते म्हणाले. "तिचं तोंड कसं बदलू, तेवढं सांगा."