हेमचंद्रचं ‘आम्ही’

धीराचा? कोण, हेमचंद्र? बस, शिवानी, बस इथे बाकावर — बाकीची मंडळी अजून खाली बर्फावरच घसरतायत, खिंडीत पोचायला वेळ आहे त्यांना. काल मुक्कामाच्या हटमध्ये जेवताना तू टाळ्या वाजवल्यास, पाहिलं मी. तुझी काय चूक? तू जपानात आत्ता आलीस, तुला कसं माहीत असणार? ‘मार्चच्या भूकंपानंतर सगळे पळाले, पण उरायासूच्या घरात आम्ही राहिलो, आम्ही चार मजले पाणी चढवलं, शेजारच्या ओगावासानना आम्ही सांभाळलं’ — आम्ही! अगं, माझा हा नवरा तेव्हा पुण्यात होता! मिळेल त्या पहिल्या विमानात बसला.

गेला त्याचा राग नाही हं मला. भीती कोणाला नव्हती? रस्ता फाटून राखाडी चिखल वर आलेला, नळ कोरडे, संडास बंद, धक्के चालूच. तिकिटं दोघांची होती. मी म्हटलं, तू जा, ओगावासान एकट्या आहेत, त्यांना जिना उतरवत नाही. तर रोज फोन — अक्कल आहे का तुला, परक्या म्हातारीसाठी जीव देणार का! आणि काल काय सांगतो? "सुप्रभा त्यांचे केस धूत होती, मी पाणी ओतत होतो." ओतत होतो म्हणे! एका हाताने मीच ओतत होते, दुसऱ्या हाताने मीच चोळत होते, त्यांच्या कानात पाणी गेलं, त्या हसायला लागल्या, मग मीही — दोघी फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हे मी त्याला फोनवर सांगितलेलं. तेच उचललं! आणि हटचे मालक उठून त्याला कमरेत वाकून नमस्कार करतात, आणि हा खुशाल घेतो!

मी गप्प का बसले? मग काय करायचं, चारचौघांत तोंडावर पाडायचं त्याला? — नाही, तेही खरं नाही. तुला सांगते, टँकरच्या रांगेतून यायचे, खांदे भरून आलेले, गॅसच्या छोट्या शेगडीवर खिचडी टाकायची, ओगावासानना द्यायची, आणि दार लावून घ्यायचं. उशीर का, मीठ कमी का, एवढं हसायला काय झालं — विचारणारं कोणी नाही. संडास बंद असलेल्या घरात, शिवानी, मी इतकी सुखात होते! मे महिन्यात तो परत येतोय म्हणाला, तेव्हा मी रडले. त्याला वाटलं, आनंदाने.

असं बघू नकोस माझ्याकडे. हे बोलायचं नव्हतं मला.

आला बघ, लाल टोपी. "सुप्रभा, थांब, फोटो काढू!" — ऐकलंस? सकाळपासून बर्फावर हात देतो, हात देतो चाललंय. मी घेतला नाही. घेणारही नाही. मुक्काम खालच्या हटवर आहे ना? वाट स्वच्छ दिसतेय, मी निघते. नको, तू नको येऊस. कोणीच नको. फोटो काढ त्याचा. सरक, सॅक दे माझी.