खेकडा सोलून मिळेल

मूर्ख मीच! दुसऱ्या कुणाला कशाला नावं ठेवू? चाळिशी उलटलेली बाई मी, चष्म्याचा नंबर दोनदा बदललेला, आणि भरवसा कुणावर ठेवला... तर खेकड्यावर! हसा, हसा. मीही हसले असते, पण मी तिथे होते ना.

तुम्हाला सांगते, आम्ही चौघी मैत्रिणी, कॉलेजपासूनच्या. एक दातांची डॉक्टर, एक बँकेतली साहेबीण, एक बारकी (म्हणजे तेव्हा बारकी होती, आता नुसतं नाव उरलंय) आणि चौथी मी. माझं काम काय, तर घरी बसून कानाला हेडफोन लावायचे आणि लोकांच्या मीटिंगा ऐकून टाइप करायच्या. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं! कुणी खोकलं तर कंसात 'खोकला' लिहायचं. नवऱ्याचं म्हणाल तर तो केव्हाच फोटोत जाऊन बसला, तिथे बरा दिसतो. आणि लेक नोकरीला परदेशी गेली तेव्हापासून घरात जिवंत आवाज म्हणजे एक फ्रिज आणि एक मी. परवा वॉशिंग मशीन थांबलं, तर मी विचारलं, "झालं का गं तुझं?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले की हो!

म्हणून म्हटलं, मैत्रिणींना भेटावं, पोटभर बोलावं. पण बोलायचं कुणाशी? चौघी भेटलो की चार फोन भेटतात! साहेबीण खाली मान घालून, "हं... हं... बोल ना, ऐकतेय मी." काय ऐकतेयस बाई, मी अजून सुरूच केलं नाही!

मग एकदा कणीक मळत होते, फोन वाजला, हात पिठात कोपरापर्यंत, उचलता येईना... आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! हात बरबटले की फोन गप्प. आणि हात बरबटवणारा, वेळ खाणारा, माणसाला जागचं हलू न देणारा पदार्थ कुठला? अख्खा खेकडा! नांगी फोडा, चोखा, कोरा, निथळत्या हातांनी गप्पा मारा. दोन तासांची निश्चिंती! सांगा, काय चुकलं माझं? आणि खेकड्याचा तरी काय दोष?

पण माझी हौस मोठी ना! साध्या खानावळीत जाईन तर शपथ. शहरातलं सगळ्यात भारी मासळीचं हॉटेल गाठलं. आत शिरलो तर एवढी शांतता, की मला वाटलं कुणी गेलंय. मेणबत्त्या, काचेच्या टाकीतले मासे आमच्याकडे बघतायत, मेनूकार्ड दाराएवढं जड. आणि वेटर! उंच, कानशिलं पिकलेली, चेहरा असा की एका अंत्ययात्रेहून आलाय आणि दुसरीला निघालाय. मी ऐटीत सांगितलं, "चार अख्खे खेकडे." तो म्हणाला, "उत्तम निवड, मॅडम." आणि मी मनातल्या मनात पदर खोचला.

आले. चार पांढऱ्या शुभ्र थाळ्या, प्रत्येकीत एक लालचुटूक कवच, टोपी घातल्यासारखं. मी बाह्या सरसावून कवच उचललं... आणि आत सगळं सोललेलं! कोरलेलं! डाळिंबाचे दाणे काढून ठेवावेत तसं वाटीत मांडलेलं, वर चांदीचा काटा!

"आमचे शेफ स्वतः सोलतात, मॅडम. पाहुण्यांचे हात खराब होऊ नयेत म्हणून."

"अहो, पण खराब करायलाच आले होते मी!"

कुणी ऐकलं नाही. बारकी किंचाळली, "अय्या, थांबा थांबा, फोटो!" झालं! एका हातात काटा, दुसऱ्यात फोन. म्हणजे मी स्वतः होऊन त्यांचा एक हात मोकळा करून दिला! खेकड्याचा काय दोष हो यात?

तरी मी नेट धरला. म्हटलं, "अगं, घरी ना हल्ली फार..." डॉक्टर म्हणाली, "एक मिनिट हं, पेशंट आहे." मी थांबले. म्हटलं, "लेक गेल्यापासून ना..." साहेबीण म्हणाली, "सॉरी सॉरी, हे बघावंच लागेल." बारकीकडे वळले, तर ती आपल्या कुत्र्याला व्हिडिओवर बघत होती, "माझं शोनू एकटं आहे ना घरी?" कुत्र्याचं एकटेपण कळतं हो तिला!

खेकडा तर चमच्याने खीर संपावी तसा संपला. पेशंटचा दात निसटला, बँकेत काही पेटलं, शोनूने सोफा फाडला. साहेबिणीने जाता जाता काउंटरवर बिल भरलं, तिघींनी मला घट्ट मिठी मारली, "पुढच्या वेळी निवांत बसू हं!" ...आणि गेल्या.

मी बसूनच. चार खुर्च्या, चार रिकामी कवचं. वेटर आला. "अजून काही, मॅडम?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक खेकडा. न सोललेला."

स्वयंपाकघराच्या दारातून एक उंच पांढरी टोपी मला बघून गेली! पण आणला हो त्यांनी, अडकित्त्यासारख्या चिमट्यासकट. मी तुटून पडले. कोपरापर्यंत रस्सा, नाकावर लोणी, एक नांगी सटकली ती शेजारच्या साहेबांच्या पाण्याच्या ग्लासात! आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आली आठवण कुणाला तरी! पण हात हे असे. म्हटलं, "अहो, उचला, कानाशी धरा!" वेटरने एक हात पाठीमागे बांधून, शिकवल्याप्रमाणे, दुसऱ्या हाताने फोन धरला.

"आमच्याकडे भोजन केल्याबद्दल आभार. आपल्याला काय वाटलं ते बीपनंतर सांगा."

हॉटेलचाच! टेबल माझ्या नंबरवर घेतलेलं ना, बिल भरलं की मशीन आपोआप लावतं. पण तुम्हीच सांगा, "सांगा" म्हणालं ना ते? हल्ली म्हणतं का कुणी? बीप वाजला आणि मी सुटले! घराचं, वॉशिंग मशीनचं, अजून दोघींचा भात लावते त्याचं, लेकीचा फोन "आई, ऐकू येतंय का" यातच संपतो त्याचं, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला घड्या घातलेले कपडे झोपतात त्याचं, आणि या तिघी वाईट नाहीत हो, मी आजारी पडले तर अनवाणी धावत येतील, पण मी पडतच नाही ना आजारी, तीच तर पंचाईत... सगळं, सगळं बोलले! नाक गळायला लागलं, तर त्याने पाठीमागचा हात काढून रुमाल लावला आणि हात पुन्हा पाठीमागे नेला.

केवढं हलकं वाटलं! म्हटलं, "झालं माझं. आता काही दाबायचं असतं का?"

तो तसाच, त्याच चेहऱ्याने म्हणाला, "कट मघाशीच झाला, मॅडम. बीपनंतर लगेच. तुम्ही बोलत होतात, म्हणून धरून ठेवला."